दवबिंदूचं बी

प्रियदर्शनीला अतिदक्षता विभागात हलवलं तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि ती बापाला काहीतरी सांगत होती. संजीव पराते स्ट्रेचरच्या बाजूनं जवळजवळ पळत होता. चाकांचा खडखडाट, माणसांची गर्दी, लिफ्टच्या दाराचा आवाज. त्या गोंधळात त्याला एवढंच ऐकू आलं, "बाबा, दवबिंदू... पावसाचंच पाणी... दांडे... काढून..." बाकीचं मास्कच्या आतच राहिलं. लिफ्टचं दार लागलं. दुपारी तिच्या घशात नळी घातली, गुंगीचं औषध सुरू केलं आणि मग ती काही सांगण्यासारखी राहिली नाही.

पराते मूळचे कोष्टी. नागपूरच्या तांडापेठेतल्या त्यांच्या घरात संजीवच्या वडिलांपर्यंत हातमाग चालत होता. आता मागाच्या खोलीत दामिनीची, म्हणजे संजीवच्या बायकोची, शिवणयंत्रं होती आणि संजीव सदरमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानात काउंटरवर उभा राहत होता. प्रियदर्शनी त्यांची एकुलती एक. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पुढे पीएच.डी.ला लागली, तेव्हा दामिनीनं आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. मात्र पोरगी नेमकं काय शिकते ते गच्चीवर डबे येईपर्यंत त्या दोघांनाही कळलं नव्हतं.

दह्याच्या रिकाम्या डब्यांत ओली वाळू आणि तिच्यावर जमिनीला चिकटून वाढलेली बोटाच्या पेराएवढी झाडं. चमच्यासारखी लालसर पानं, पानांवर बारीक केस, प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. उन्हात ते थेंब असे चमकत की मराठीत या झाडाला दवबिंदूच म्हणतात. पण ते दव नसतं. चिलट किंवा मुंगी त्यावर बसली की अडकते, पान हळूहळू तिच्यावर वळतं आणि तिला पचवून टाकतं. दामिनीनं हे पाहिलं त्या दिवशी तिनं सांगून टाकलं होतं की जीव खाणारं झाड तिच्या तुळशीच्या जवळ ठेवायचं नाही. म्हणून ते डबे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी गेले.

ही झाडं पारशिवनीकडच्या एका खडकाळ उतारावरची होती. तिथं पावसाळ्यानंतरही बरेच दिवस खडकातून पाणी झिरपायचं आणि त्या ओलीत दवबिंदूंचा लाल गालिचा पसरायचा. प्रियदर्शनीनं तिथंच आपलं काम सुरू केलं होतं. मग रस्ता रुंद करायचं निघालं, उतारावर मुरूम पडला आणि गालिचा त्याच्याखाली गेला. आधीच्या वर्षी तिनं तिथून थोडं बी आणून ठेवलं होतं, तेवढंच वाचलं. त्यातलं निम्मं ती शिकत होती तिथल्या फ्रिजमध्ये होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रिज बंद पडला आणि पुड्यांना बुरशी आली. उरलेलं सगळं तिनं या पावसाळ्यात गच्चीवर पेरलं. तिला त्यांच्यासाठी दुसरा ओला उतार शोधायचा होता. भादव्यात ती त्याच भागात कमरेएवढ्या गवतातून फिरून आली आणि थोड्याच दिवसांत तिला ताप चढला.

गल्लीतल्या डॉक्टरांना तो साधा व्हायरल वाटला, घरच्यांनाही. पाय सुजले, श्वास लागायला लागला, तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासताना गुडघ्याच्या मागं एक काळी खपली पाहिली, विडीचा चटका बसावा तशी. त्या म्हणाल्या, गवतातला बारीक किडा चावलाय, स्क्रब टायफस आहे. औषध साधंच आहे, पण ते सुरू व्हायला उशीर झालाय, फुप्फुसं आणि किडन्या दोन्हीवर गेलंय. पुढे काय होईल असं संजीवनं विचारलं, तर त्यांनी आजचं आज बघू असं सांगितलं.

दामिनी रुग्णालयातून हलेना. संजीव सकाळी घरी जायचा, अंघोळ करायचा, डबा भरायचा आणि गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालायचा. पोरीनं सांगितलेलं एवढं एकच काम त्याच्या हातात होतं. पिंपातलं पावसाचं पाणी तो वाटीनं काढायचा, कारण नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी ही झाडं मरतात हे तिनं त्याला कितीदा तरी सांगितलेलं होतं. आत तिच्या पलंगापाशी सकाळ-संध्याकाळ काही मिनिटं उभं राहू द्यायचे. तिथं हात लावायलासुद्धा जागा नसायची. इकडे नळी, तिकडे नळी. तो नुसता पडद्यावरचे आकडे पाहून बाहेर यायचा आणि बाहेर आल्यावर कोणता आकडा कशाचा होता तेही त्याला आठवायचं नाही.

मग झाडं काळी पडायला लागली.

आधी कडेची पानं. मग आतली. थेंब आटले आणि मधून उभे राहिलेले वीतभर दांडे तेवढे हिरवे राहिले. त्यांच्यावर खालून वर बारीक पांढरी फुलं येऊन गेलेली होती. संजीवनं पाणी वाढवलं, डबे सावलीत नेले, परत उन्हात आणले. रोज चार-दोन झाडं जायची. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, म्हणजे आजवर कधी नव्हता. पण आता एखादा डबा संपूर्ण काळा दिसला की त्या दिवशी रुग्णालयात शिरायला त्याचे पाय तयार व्हायचे नाहीत. झाडं गेली तर पोरगी जाईल, हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. स्वतःशीही त्यानं ते असं शब्दांत म्हटलं नव्हतं. फक्त एकदा दामिनीजवळ तो झाडांविषयी बोलला.

"पोरगी तिकडे अशी पडली हाय," ती म्हणाली, "अन् तुमी मले कुंड्याचं काय सांगून राहिले?"

त्या दुपारी बाकावर बसून त्यानं मोबाइलवर शोधलं. एका हिंदी व्हिडिओत एक माणूस अशाच झाडांच्या रांगेपुढे उभा राहून सांगत होता की फुलांचा दांडा झाडाची सगळी ताकद ओढून घेतो, झाड वाचवायचं असेल तर दांडा कापून टाका. संजीवनं तो व्हिडिओ पुन्हा लावला. दांडे... काढून... लिफ्टपाशी पोरगी हेच सांगत होती. इतके दिवस ती सांगून गेलेलं काम आपण केलं नव्हतं आणि म्हणून झाडं मरत होती, हे त्याला एकदम लख्ख दिसलं. तो तसाच घरी गेला. दामिनीची धागे कापायची छोटी कात्री घेऊन टाकीपाशी बसला आणि एकेका झाडाचा दांडा अगदी बुडापासून कापला. एकही सोडला नाही. कापलेले दांडे एका पिवळ्या पिशवीत भरले आणि ओल्या कचऱ्यात टाकले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऑक्सिजन थोडा कमी लागतोय. संजीवच्या डोळ्यांत पाणी आलं. किती तरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैभवी रुग्णालयात आली. ती प्रियदर्शनीची मैत्रीण, तिच्याबरोबरच संशोधन करणारी. आत सोडत नव्हते म्हणून ती काचेतूनच पाहून आली, दामिनीजवळ बसली, आणि मग संजीवला बाजूला घेऊन विचारलं की दांडे वाळायला आले असतील ना, ती संध्याकाळी येऊन बी काढून घेईल.

"दांडे तर मी काढले काल," संजीव म्हणाला.

"सगळे वाळले होते?"

"नाई. हिरवेच होते. खालचे थोडे तपकिरी. झाडं मरून राहिली होती वं, म्हणून काढले. तिनंच सांगतलं होतं."

वैभवीनं त्याला बाकावर बसवलं. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं, तिनं सांगितलं. "काका, ही झाडं एकाच वर्षाची असतात. फुलं येतात, बी धरतं अन् झाड मरतं. दर वर्षी. तुम्ही काही केलं तरी मरणारच होती. फक्त बी मागं राहते. त्या डोंगरावरचं दुसरं बी आता कुठंच नाही." मग तिनं विचारलं, "दांडे कुठे ठेवले?"

संजीवनं घड्याळ पाहिलं. कचरागाडी गल्लीतून जायची वेळ होऊन गेली होती.

तो स्कूटर काढून निघाला. दामिनीला काही सांगायचं त्याला सुचलं नाही. तांडापेठेत गाडी नव्हती. चौकात नव्हती. पानठेलेवाल्यानं सांगितलं की गाडी भरून केव्हाच गेली. शहराबाहेरच्या कचरा डेपोवर तो पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फाटकावरच्या माणसाला त्यानं काय सांगितलं ते त्याला नंतर आठवेना, पण त्यानं आत सोडलं. आमच्या भागातली गाडी कुठं रिकामी झाली असं विचारल्यावर त्या माणसानं हातानं नुसता एक मोठा अर्धगोल काढला.

समोर टेकड्या होत्या. शहरानं टाकलेल्या सगळ्याच्या टेकड्या, त्यांच्यावर बगळे आणि कुत्री. संजीवनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एका ताज्या ढिगात हात घातला. तो पिवळी पिशवी शोधत होता. पिवळ्या पिशव्या तिथं हजारो होत्या. प्रत्येक पिशवी तो फाडून बघत होता, भाताची, मटारच्या सालांची, निर्माल्याची. आपण शोधतोय ते बी खसखशीहून बारीक, काळ्या धुळीसारखं असतं, आणि पिशवी फुटली असेल तर ते कधीच दिसणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी हात थांबत नव्हते. मागून कचरा ढकलणारं यंत्र जवळ आलं तेव्हा कुणीतरी त्याचा दंड धरून त्याला ओढलं.

ती प्लास्टिक वेचणारी बाई होती, दुसऱ्या बाया तिला प्रयागबाई म्हणत होत्या. तिनं विचारलं, "सोनं होतं का गा, भाऊ?"

"नाई. बी होतं."

"कायचं बी?"

संजीवला सांगता येईना. "माह्या पोरीचं," तो म्हणाला.

प्रयागबाईनं पुढे काही विचारलं नाही. आपली लोखंडी आकडी घेऊन तीही थोडा वेळ त्याच्या बाजूला पिशव्या उलटवत राहिली. मग म्हणाली की त्या भागातल्या गाड्यांचा माल सकाळीच दाबून टाकला, आता हा ढीग त्याच्यावर आला, इथं बसून काही हाती लागायचं नाही. ते खरं होतं. संजीव उठला. स्कूटरच्या डिकीत ठेवलेला मोबाइल त्यानं बाहेर काढला तर दामिनीचे फोनच फोन येऊन गेलेले होते.

तो रुग्णालयात पोचला तोवर प्रियदर्शनीला डायलिसिसवर घेतलं होतं. सकाळी वैभवी गेल्यानंतर पोरीचा रक्तदाब कोसळला होता, लघवी थांबली होती. डॉक्टरांना घरच्यांची संमती हवी होती. दामिनीनं कधी बँकेच्या कागदावरही एकटीनं सही केली नव्हती.

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. नवऱ्याच्या कपड्यांना येणारी घाण तिच्यापर्यंत पोचली तसं तिनं तोंड वर केलं.

"कुठी होते तुमी?"

त्यानं खाली बसून सगळं सांगितलं. लिफ्ट, व्हिडिओ, कात्री, कचरागाडी, ढीग. झाडांबरोबर पोरगी जाईल असं वाटत होतं, तेही सांगितलं. ऐकताना दामिनीचा चेहरा हलला नाही. तो तिच्या शिव्यांची वाट पाहत होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"डाक्टर म्हने, पोरगी वाचते का नाई सांगता येत नाई," ती शेवटी म्हणाली. "मी सही केली. नाव वाकडं आलं. तवा मले वाटलं, तुमी पळून गेले."

त्यानं घाण हात पायजम्याला पुसले.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "अन् ते उठली तर तिले काय सांगाल?"

त्या रात्री आणि पुढचे काही दिवस काय झालं ते दोघांनाही नीट आठवत नाही. ताप उतरायचा, परत चढायचा. डायलिसिस चालूच होतं. संजीव गच्चीवर जायचा बंद झाला. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन वैभवी एकटीच गेली, डबे पाहायला, आणि तिथूनच तिनं फोन केला. तिनं त्याला दोष दिला नाही, पण धीरही दिला नाही. तिनं फक्त सांगितलं की बहुतेक झाडं पूर्ण गेली आहेत, पण टाकीच्या सावलीतल्या डब्यात एका उशिरा उगवलेल्या झाडाच्या मधून नवा दांडा वर येतोय. अजून गोगलगायीसारखा गुंडाळलेला आहे. झाड स्वतःच अर्धं काळं झालंय. दांडा उलगडून, फुलं येऊन, बी भरेपर्यंत ते टिकेल की नाही सांगता येत नाही. तिला परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला जावं लागणार होतं. काय काय करायचं ते तिनं त्याला सावकाश सांगितलं आणि प्रत्येक गोष्ट त्याच्याकडून परत म्हणवून घेतली. वाळल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तर तीनदा.

संजीव लगेच घरी गेला. दांडा काडेपेटीच्या काडीहून बारीक होता. पिंपाच्या तळाशी पावसाचं पाणी उरलं नव्हतं. घाबरून जास्तीचं पाणी त्यानंच ओतून संपवलं होतं. तो बॅटरीच्या दुकानात जाऊन इन्व्हर्टरमध्ये घालायचं शुद्ध पाणी घेऊन आला. मुंग्या चढू नयेत म्हणून डबा परातीतल्या पाण्यात ठेवला. कबुतरं येऊ नयेत म्हणून वर जाळी लावली. दांड्याला काही काळानं पिशवी बांधावी लागेल, नाहीतर बोंड फुटून बी उडून जाईल, असं वैभवीनं सांगितलं होतं. पिशवी कशाची करायची ते त्याला कळेना, म्हणून त्यानं दामिनीला विचारलं. तिनं घरून एका जुन्या ओढणीचं जाळीचं कापड आणायला लावलं आणि रुग्णालयाच्या बाकावर बसून करंगळीएवढी पिशवी हातानं शिवली. टाके इतके बारीक की दिसत नव्हते. आजूबाजूच्या बायांनी हे काय म्हणून विचारलं, तर ती पुढचा टाका घालत राहिली.

दांडा उलगडला. सकाळच्या उन्हात त्याच्यावर एक फूल उमललं आणि दुपारच्या आत मिटलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. खाली पानं काळी होत चालली होती. संजीव रोज सकाळी त्याच्यापुढे उकिडवा बसायचा. आता तो झाड जगावं असं मागत नव्हता. थोडे दिवस थांब, एवढंच म्हणायचा.

रुग्णालयात पोरीचा ताप एकदाचा उतरला आणि परत चढला नाही. लघवी सुरू झाली. श्वासाच्या यंत्राचा जोर हळूहळू कमी करत आणला. नळी काढली त्या दिवशी दोघांनाही आत सोडलं. तिचा चेहरा अर्धा झाला होता, ओठ फुटले होते. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. आवाज नव्हताच, नुसता श्वास.

"दांडे?" ती म्हणाली.

संजीवच्या तोंडून शब्द निघून गेला. "हाव. काढले."

"बी?"

"ठेवलं. तू झोप."

तिनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की दामिनीला तिथं उभं राहवेना, ती पडद्याबाहेर गेली. बाहेर आल्यावर संजीवनं तिच्याकडे पाहायचं टाळलं. त्या दिवसापासून गच्चीवरचं ते एक झाड त्याला आणखी जड झालं.

झाड पुरतं वाळलं तेव्हा नागपुरात थंडी पडली होती. दांडाही तपकिरी झाला. दामिनी त्या दिवशी घरी आली होती. दोघांनी मागाच्या खोलीची खिडकी लावली, पंखा बंद केला, संजीवनं दुकानातून आणलेला पांढरा बटरपेपर टेबलावर पसरला. त्यानं दांडा पिशवीसकट कापून कागदावर धरला. दामिनीनं टाके उसवले. बोंडं मिरीच्या निम्म्याएवढी. त्यानं काडीनं टिचकी मारली आणि कागदावर थोडी काळी धूळ पडली. काही दाणे जाळीच्या कापडालाच चिकटून बसले. दामिनी श्वास रोखून ते एका मऊ ब्रशनं एकेक करून झाडत राहिली. सगळं झालं तेव्हा कागदाच्या मधोमध चिमटीत धरता येईल इतकंही नव्हतं. तव्यावरची काजळी बोटाला लागावी तेवढं.

"एवढंच?" दामिनी म्हणाली.

"एवढंच."

प्रियदर्शनी घरी आली ती भिंतीला धरून चालत. आठवडाभर ती नुसती झोपत होती. मग एका सकाळी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "बाबा, बी पाहू द्या."

संजीवनं कपाटातून घडी घातलेला बटरपेपर आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिनं घडी उघडली. आधी तिला वाटलं की ही पहिली पुडी आहे, बाकीच्या तो आणेल. ती वाट पाहत राहिली. तेव्हा त्यानं सांगितलं. रुग्णालयात खोटं बोललो, तेही सांगितलं. दामिनी दारात उभी होती.

"मी लिफ्टपाशी सांगतलं होतं तुमाले," प्रियदर्शनी म्हणाली. "वाळले की दांडे काढून घेजा, म्हटलं होतं."

"'वाळले की' ऐकू नाई आलं, बेटा."

"विचाराचं तरी होतं वैभवीले." तिनं कागदाची घडी घातली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे कितीतरी दिवस पाणी हवं असेल तर ती आईला हाक मारायची. संजीव खोलीत आला की मोबाइल बघायची. त्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. सकाळी तो दुकानात जायचा, संध्याकाळी यायचा आणि येताना तिच्या दारापाशी थोडं थांबायचा.

जानेवारीत ती पहिल्यांदा आईच्या आधारानं गच्चीवर आली. रविवार होता. संजीव टाकीपाशीच होता, रिकामे डबे एका ओळीत लावत होता. वैभवीनं सांगितलं होतं की दांडे कापण्याआधी खालच्या तपकिरी बोंडांतून कदाचित थोडं बी वाळूत पडलं असेल, म्हणून त्यानं वाळू हलवलीही नव्हती. प्रियदर्शनी उन्हात खुर्चीवर बसली. सोबत तिनं भिंग आणलं होतं. तिनं कागद मांडीवर उघडला आणि बराच वेळ भिंगातून पाहत राहिली. त्यातले बरेच दाणे पोकळ होते, असं तिनं सांगितलं. झाड अर्धवट असताना बी भरलं, म्हणून. थोडे भरलेले वाटत होते. उगवतील की नाही ते पाऊस आल्याशिवाय कळणार नाही.

मग ती म्हणाली, "मुरूम टाकत होते तवा मी तिथंच होते, बाबा. डंपर उभा होता. एक पोतंभर माती तरी उचलून आणता आली असती मले. मी नुसती फोटो काढत राहिली."

ती त्याच्याकडे पाहत नव्हती, कागदाकडे पाहत होती. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला कळलं.

तिला बी तीन ठिकाणी ठेवायचं होतं. एक भाग वैभवीकडे, एक पुण्याच्या एका ओळखीच्या संशोधकाकडे, एक घरच्या फ्रिजमध्ये. म्हणजे एक फ्रिज बंद पडला तरी सगळं जाणार नाही. तिनं ब्रशनं तीन वाटे केले, पण पुडी बांधायला गेली तेव्हा तिची बोटं थरथरायला लागली. आजारपणानंतर ती तशीच थरथरायची. दोनदा कागद निसटला. तिसऱ्यांदा तिनं हात मागं घेतला.

"तुमी करा," ती म्हणाली. "श्वास बंद ठेवजा. उडून जाते ते."

त्यानं श्वास रोखून तिन्ही पुड्या बांधल्या. तिनं त्याला घडी कशी घालायची ते सांगितलं, एकदा चुकलं तर परत घालायला लावली.

पाऊस लागला तेव्हा त्यांनी घरच्या पुडीतलं निम्मं बी पेरलं. वाळूवर नुसतं भुरभुरायचं, वरून झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. प्रियदर्शनी तोवर परत कामाला लागली होती. किडन्या ठीक झाल्या होत्या, पण जिना चढताना ती मध्ये थांबायची, आणि गवतात जायचं म्हटलं की दामिनी तिच्याआधी पायांत गमबूट घालून तयार असायची. डब्यांत काहीच उगवलं नाही. एक आठवडा, मग आणखी एक. हिरवं शेवाळ तेवढं आलं. संजीवनं गच्चीवर जाणं कमी केलं, कारण वर जाऊन आलं की दुकानात त्याच्या हातून सुटे पैसे चुकायचे.

एका दुपारी दामिनी कपडे काढायला वर गेली आणि तिनं त्याला हाक मारली. तो पोचला तेव्हा ती डब्याजवळ वाकली होती. शेवाळाच्या कडेला, मोहरीच्या दाण्याहून लहान, चार-पाच हिरवे ठिपके होते. एका ठिपक्याला डोळे ताणून पाहिलं तर टोकाला केस दिसत होते.

"हेच हाय ना?" दामिनीनं विचारलं.

त्यानं मान हलवली. किती टिकतील ते सांगता येत नव्हतं. ढग भरून आले होते आणि मोठ्या पावसाच्या मारानं इतकी लहान रोपं वाहून जातात. दोघांनी मिळून डबा दोन्ही बाजूंनी धरला आणि वाळू हलू न देता तो जिन्याच्या छपराखाली नेला. मग संजीवनं पोरीला फोन लावला.